ताराबाईचा दर्याप्रवास



गेल्या दिवाळींत मी भोरास एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. त्यांची बारा वर्षांची नात माजघराच्या उंबऱ्यावर बसून एक दर्यावर्दी कादंबरी वाचीत होती. कोणी एक मुलगी परक्या जहाजावर एकटीच सांपडते, खलाशी बंड करतात, वादळ होतें, आणि शेवटीं तीच मुलगी सर्वांचा जीव वांचविते, असा कांहींसा तिचा विषय होता. पुस्तक मिटून तिनें मला विचारलें, "काका, आपल्या इतिहासांत अशी मुलगी झालीच नाहीं का? आपल्या गोष्टींत सगळे घोड्यावरच कसे बसतात?"

मी हंसलों, परंतु उत्तर चटकन देतां आलें नाहीं. खिडकींतून समोर रोहिडा दिसत होता. त्या मुलखांत वाढलेल्या मुलीला घोडा, घाट आणि गड यांपलीकडचा इतिहास कोणी सांगितलेला नसावा, हें स्वाभाविकच होतें. पण तिचा प्रश्न मला दोन दिवस सोडीना. आणि विचार करतां करतां असें ध्यानांत आलें कीं, अशी मुलगी आपल्या इतिहासांत झालेली आहे; इतकेंच नव्हे, तर तिच्या दर्याप्रवासाचा धागा सुटतो दूर कोंकणच्या एका खाडींत, आणि त्याची शेवटची गांठ बसते ती याच भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत. तोच वृत्तान्त आज आपणांस सांगावा, असा माझा मानस आहे.

प्रथम आपल्या कादंबरीविषयीं दोन शब्द. मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचें नांव घेतलें जातें, ती रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' इ. स. १८७१ सालची. तिच्या मागून हरिभाऊ आपटे आले, नाथमाधव आले, आणि मराठी वाचकाच्या मनांत शिवकालाचें एक चित्र कायमचें बसलें. त्या चित्रांत भुयारें आहेत, चोरवाटा आहेत, मध्यरात्रीं उघडणारे दिंडीदरवाजे आहेत. समुद्र मात्र क्वचित् आहे. आणि तरुण मुलगी आहे ती बहुधा पळविली जाण्यासाठीं व मग सोडविली जाण्यासाठीं. इंग्रजींत स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' इ. स. १८८३ सालीं पुस्तकरूपानें निघाली. ती मुलांची कादंबरी खरी, पण तिच्या गलबतावर मुलीला जागा नाहीं. योगायोग असा कीं, त्याच १८८३ सालच्या एप्रिलांत आनंदीबाई जोशी ही अठरा वर्षांची महाराष्ट्रीय मुलगी कलकत्त्याहून बोटींत बसली, आणि पतीवांचून समुद्र ओलांडून जून महिन्यांत न्यूयॉर्कला उतरली. कादंबरीकारांनीं मुलीला गलबतावर चढविण्यापूर्वींच ती स्वतःच्या पायांनीं चढून गेली होती. परंतु मला जिची गोष्ट सांगावयाची आहे, ती आनंदीबाईच्याहि दोनशें वर्षें अगोदरची आहे.

ती म्हणजे ताराबाई. सरसेनापति हंबीरराव मोहिते यांची कन्या, आणि छत्रपति राजाराम महाराजांची राणी. तिचा जन्म इ. स. १६७५ चा. राजाराम महाराजांचा जन्म त्यापूर्वीं पांच वर्षें, २४ फेब्रुवारी १६७० रोजीं, वेल्ह्याच्या मुलखांतील राजगडावर झालेला. त्या काळच्या चालीप्रमाणें सात-आठ वर्षांची असतांनाच ताराबाई राजघराण्यांत आली. बारा वर्षांची झाली तों इ. स. १६८७ सालीं वाईच्या लढाईंत तिचे वडील पडले. चौदा वर्षांची होते तों, मार्च १६८९ मध्यें, औरंगजेबानें संभाजी महाराजांचा वध केला. आणि त्याच वर्षीं रायगड पडून महाराणी येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेंत गेले. राजाराम महाराज रायगडांतून निघाले, प्रतापगडावरून पन्हाळ्यास आले, आणि तेथून सप्टेंबरांत वेष पालटून निवडक माणसांनिशीं दक्षिणेस, आजच्या तामिळनाडूंतील जिंजीच्या किल्ल्याकडे गेले. बरोबर बायकामुलें घेणें शक्यच नव्हतें. राण्या मागें राहिल्या, आणि पुढें विशाळगडावर रामचंद्रपंत अमात्यांच्या रक्षणाखालीं त्यांनीं दिवस काढले.

महाराजांचा तो प्रवास आपणां सर्वांना ठाऊक आहे. बिदनूरच्या राज्यांतून काढलेली वाट, पाठीवर असलेली मोगल फौज, स्वामीसाठीं जिवावर उदार झालेले सोबती, हें सारें आपण शाळेंत वाचलेलें असतें. त्या प्रवासावर केशव पंडितानें जिंजींतच 'राजारामचरितम्' हें संस्कृत काव्य रचलें. राण्यांच्या प्रवासाला असा कोणी कवि लाभला नाहीं. जुन्या कागदांत राजस्त्रियांचा निर्देश 'कबिले' या एका शब्दानें व्हावयाचा. खजिना, जवाहीर, हत्ती, कबिले, अशा ओळींत त्यांची जागा. म्हणून राजाचें पलायन काव्य झालें, आणि राणीचें धाडस यादींतील एक नोंद होऊन राहिलें.

विशाळगडावरचीं तीं चार-पांच वर्षें मात्र फुकट गेलीं असें समजण्याचें कारण नाहीं. राज्य बुडालें असें जगाला वाटत असतां तें पुन्हा कसें उभें राहतें, हें त्या मुलीला जवळून पाहावयास मिळालें. रामचंद्रपंतांस 'हुकूमतपन्हा' हा अधिकार देऊन महाराजांनीं मुलूख त्यांच्या स्वाधीन केला होता, आणि त्यांच्या हाताखालीं ज्या माणसानें मावळांतील कामगिरी उचलली, तो शंकराजी नारायण गांडेकर, म्हणजे पुढें भोरच्या पंतसचिव घराण्याचा मूळ पुरुष. या शंकराजीपंतानें मावळच्या देशमुखांस हातीं धरून राजगड, तोरणा, रोहिडा हा सारा डोंगरी मुलूख परत जोडला. इ. स. १६९३ सालीं नावजी बलकवड्यानें सिंहगड घेतला, तोहि याच व्यवस्थेंतून. विशाळगडावर रोज येणाऱ्या थैल्यांत या बातम्या असत. कोणता किल्ला आला, कोणता देशमुख फिरला, कोणास वतनाची सनद पाहिजे, दाणागोटा कोठून आणावा, या चर्चा ज्या वाड्यांत चालत, त्याच वाड्यांत ताराबाई चौदाची एकोणीस वर्षांची झाली.

इ. स. १६९४ च्या सुमारास राण्यांना जिंजीस पोंचविण्याचें ठरलें. त्यापूर्वीं, १६९२ च्या अखेरीस व १६९३ च्या आरंभीं, संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनीं जिंजीच्या वेढ्याची दाणादाण केली होती आणि झुल्फिकारखानाला कांहीं काळ मागें हटावें लागलें होतें. ती सवड साधावयाची होती. पण जावयाचें कोणत्या वाटेनें? विजापूर १६८६ सालीं बुडालें, गोवळकोंडें १६८७ सालीं. मधला सारा देश मोगलांच्या ठाण्यांनीं भरला होता. चार पुरुष बैराग्यांचा वेष घेऊन त्यांतून निसटूं शकतात. पालख्या, दासी आणि रक्षक यांच्यासह राजाचें कुटुंब निसटूं शकत नाहीं. तेव्हां उरला तो समुद्र.

बेत असा होता: विशाळगडावरून घाट उतरून कोंकणांत यावयाचें, राजापूरच्या खाडीवरील यशवंतगडास गलबतावर चढावयाचें, किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेस जाऊन होनावरास उतरावयाचें, आणि तेथून पुन्हा सह्याद्रि चढून, बिदनूरच्या राज्यांतून, द्वीपकल्पाच्या या टोंकापासून त्या टोंकाजवळ जिंजीपर्यंत जावयाचें. समुद्रावरचा टप्पा सुमारें पावणेदोनशें मैलांचा. होनावरापासून जिंजीपर्यंतचा खुष्कीचा टप्पा साडेतीनशें मैलांहून अधिक. बरोबर लिंगो शंकर व विसाजी शंकर हे तुंगारे बंधु होते. राण्यांपैकीं ताराबाई आणि तिची सवत राजसबाई या दोघी. हीं दोन नांवें एकत्र लक्षांत ठेवा. त्यांचें काम पुढें पडणार आहे.

आतां हा पावणेदोनशें मैलांचा समुद्र केवढासा, असें आजच्या श्रोत्याला वाटेल. पण आपला पश्चिम किनारा ज्याला ठाऊक आहे तो तसें म्हणणार नाहीं. मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत तर हा समुद्र बंदच असतो. त्या दिवसांत गलबतें किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवावीं लागतात. उरलेल्या महिन्यांत शिडाच्या गलबताचा सारा हिशेब वाऱ्याच्या दोन पाळ्यांवर. रात्रीं जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तो गलबताला बाहेर नेतो. दुपारीं समुद्रावरून खारा वारा येतो, तो किनाऱ्याकडे लोटतो. तांडेलाचें कौशल्य या दोहोंमधून तिरकी वाट काढण्यांत. वारा पडला कीं वल्हीं मारावयाचीं. वारा भलताच आला कीं जवळची खाडी गांठावयाची. आणि कोणत्या खाडींत मित्र आहे व कोणत्या खाडींत शत्रु, हें आधीं माहीत असावयाचें.

त्यांतच खरा धोका होता. किनारा एका धन्याचा नव्हता. आरंभीं विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हीं मराठ्यांचीं जलदुर्गें पाठीशीं होतीं. परंतु जंजिऱ्याचा सिद्दी हा मोगलांचा आरमारी चाकर. त्याचीं गलबतें मराठी बंदरांवर टपलेलीं. पुढें वाटेंत गोवें. पोर्तुगीजांना या समुद्रावर आपलीच मालकी वाटे. त्यांच्या परवान्यावांचून जाणारें गलबत पकडण्याचा हक्क ते सांगत. शिवाय मलबारी चांचे. एखादें व्यापारी तारूं सांपडलें तर माल जाई. हें गलबत सांपडतें, तर राजाच्या दोन राण्या औरंगजेबाच्या हातीं जात्या. येसूबाई व शाहू आधींच त्याच्या छावणींत होते. या दोघीहि गेल्या असत्या, तर जिंजींतील राजाला शस्त्र खालीं ठेवावयास लावण्याचें साधन बादशहाला आयतें मिळालें असतें. म्हणून हा केवळ बायकांचा प्रवास नव्हता. त्या चार फळ्यांवर राज्याचा वंश चालला होता.

ज्यांनीं हा बेत आंखला, त्या रामचंद्रपंतांच्या नांवावर पुढें 'आज्ञापत्र' हा राजनीतीवरचा प्रसिद्ध ग्रंथ आहे. त्यांत आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार कसें बांधावें, पावसाळ्यांत त्याची छावणी कोठें करावी, सावकारी तरांडीं कशीं सांभाळावीं, याचा बारीक विचार त्यांत केलेला आहे. तो वाचतांना मला नेहमीं वाटतें कीं, हें लिहिणाऱ्यानें समुद्र नकाशावर पाहिलेला नाहीं. आपल्या धन्याचें कुटुंब त्यानें एकदां त्या समुद्राच्या हवालीं केलेलें आहे.

गलबत होनावरास सुखरूप लागलें. शरावतीच्या मुखावरचें हें बंदर म्हणजे केळदी-बिदनूरच्या राज्याचा दरवाजा. आणि त्या राज्यावर त्या वेळीं राज्य करीत होती एक स्त्री: राणी चेन्नम्मा. पति वारल्यावर इ. स. १६७२ च्या सुमारास तिनें कारभार हातीं घेतला होता. १६८९ सालीं राजाराम महाराजांना तिनेंच वाट दिली, आणि त्याबद्दल मोगल फौज अंगावर घेतली. ज्या मुलीला आजवर एका गडावरून दुसऱ्या गडावर नेण्यांत आलें, त्या मुलीचा पाय समुद्र ओलांडल्यावर पहिल्या प्रथम पडला तो एका विधवा राणीच्या चालत्या राज्यांत. माझ्या मतें या प्रवासांतलें सर्वांत मोलाचें बंदर हेंच. वादळ आणि चांचे कोणत्याहि कादंबरींत मिळतील. हा योग मात्र इतिहासानेंच घालून दिलेला आहे.

जिंजीस ताराबाईला ९ जून १६९६ रोजीं पुत्र झाला. आजोबांचें नांव शिवाजी तेंच त्याला ठेवलें. १६९८ च्या आरंभीं जिंजी पडली. महाराज आधींच निसटले होते. कुटुंब मोगलांच्या हातीं सांपडलें, आणि मोगल छावणींतील शिर्क्यांच्या मध्यस्थीनें सुटून महाराष्ट्रांत आलें. २ मार्च १७०० रोजीं सिंहगडावर राजाराम महाराज निवर्तले. पंचवीस वर्षांच्या ताराबाईनें चार वर्षांच्या मुलास गादीवर बसविलें आणि राज्य हातीं घेतलें. पुढचीं सात वर्षें औरंगजेब स्वतः डोंगर चढत होता, आणि ती एक किल्ला सोडून दुसऱ्यावर जात, त्याच्या मागें माळवा-गुजराथेंत फौजा पाठवीत होती. मराठ्यांचा कैवार न घेणाऱ्या खाफीखानासारख्या मोगल इतिहासकारानेंहि तिची हुशारी मान्य केली आहे. फेब्रुवारी १७०४ मध्यें बादशहानें राजगड घेतला, मार्चमध्यें तोरणा चढून घेतला. त्यांस नवीं मुसलमानी नांवेंहि दिलीं. आज तीं नांवें वेल्ह्यांत कोणास विचारलींत तर कोणी सांगणार नाहीं. किल्ले परत आले, आणि बादशहा १७०७ सालीं अहमदनगरास मेला.

येथें कादंबरी संपते. राणी जिंकली, शत्रु मेला, पडदा. परंतु इतिहासाची गांठ अजून सुटावयाची आहे, आणि ती भोरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू सुटून आला आणि राज्य मागूं लागला. ताराबाईनें आपल्या सरदारांकडून व प्रधानांकडून मुलाच्या पक्षाला चिकटून राहण्याच्या शपथा घेतल्या. शपथ घेणाऱ्यांत शंकराजी नारायण सचिवहि होते. ऑक्टोबर १७०७ मध्यें खेडच्या लढाईंत ताराबाईचा पक्ष हरला, आणि शाहू महाराजांनीं शंकराजीपंतांस बोलावणें पाठविलें. एकीकडे थोरल्या शाखेचा खरा वारस. दुसरीकडे जिच्यासाठीं सतरा-अठरा वर्षें रक्त आटविलें त्या राणीस दिलेलें वचन. शंकराजीपंतांनीं दोहोंपैकीं एकहि मोडलें नाहीं. भोरजवळ आंबवडें येथें त्यांनीं स्वतःचाच प्राण दिला. त्यांची समाधि तेथें आहे. पुढें शाहू महाराजांनीं त्यांच्या लहान मुलास, नारो शंकरास, सचिवपद दिलें, आणि त्या घराण्याचें भोर संस्थान इ. स. १९४८ सालीं विलीन होईपर्यंत चाललें.

आणि गलबतावरची ती दुसरी? राजसबाई? इ. स. १७१४ सालीं पन्हाळ्यावर तिनें ताराबाईला व तिच्या मुलाला कैद केलें, आणि स्वतःच्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसविलें. ज्या दोघी वीस वर्षांपूर्वीं एका गलबतांत, एका संकटांत, एकाच किनाऱ्याची वाट पाहत बसल्या होत्या, त्यांतील एक आतां दुसरीच्या खोलीला कुलूप घालीत होती. ताराबाईचा मुलगा त्या कैदेंतून परत आला नाहीं. ती स्वतः मात्र जगली. पानिपतची वार्ता ऐकून, इ. स. १७६१ च्या डिसेंबरांत, शहाऐशीं वर्षांची होऊन वारली.

हें सर्व त्या भोरच्या मुलीला सांगावें कीं नाहीं, असा मला प्रश्न पडला होता. तिच्या पुस्तकांतली मुलगी शेवटीं निर्मळ राहते. कोणाचा जीव तिच्यापायीं जात नाहीं. ताराबाई तशी नव्हे. ज्या धैर्यानें तिनें राज्य राखलें, त्याच हट्टानें तिनें एका इमानी माणसाला अशा कोंड्यांत धरलें कीं त्याला मरणावांचून वाट उरली नाहीं. माझें आपल्या कादंबरीकारांस सांगणें इतकेंच आहे कीं, या प्रवासावर लिहा, अवश्य लिहा. पण तिला केवळ सुटका व्हावयाची बाहुली करूं नका, आणि केवळ पुजावयाची देवताहि करूं नका. एकोणीस वर्षांची एक मुलगी दुसऱ्यांच्या बेतानें गलबतावर चढली, आणि जी उतरली ती पुढें दुसऱ्यांचे बेत ठरविणारी झाली. तो बदल कसा झाला, हें सांगणें कादंबरीचें काम आहे. आणि त्या बदलाची किंमत कोणीं दिली, हें विसरूं न देणें इतिहासाचें.

शेवटीं मीं सर्व सांगितलें. आंबवड्याची समाधि आणि पन्हाळ्याचें कुलूप यांसकट. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिनें विचारलें, "काका, त्या दोघी गलबतावर रात्रीं एकमेकींशीं काय बोलल्या असतील?"

तिचे आजोबा हंसले. मला हंसूं आलें नाहीं. एवढ्या बखरी आणि एवढे कागद चाळूनहि हा प्रश्न मला कधीं सुचला नव्हता. जी मराठी कादंबरी या प्रश्नापासून सुरू होईल, ती माझ्या हयातींत माझ्या हातीं पडावी, एवढीच इच्छा आहे.